खिळ्यांची पावलं

१

आधी माफी मागतो. माझं शुद्धलेखन चांगलं नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि तेव्हापासून लाकूड कापायच्या गिरणीत आहे. तिथं लिहायचं म्हणजे फळीवर खडूनं लांबी-रुंदी, एवढंच. अवघड शब्द मला येत नाहीत. जे झालं ते मी एकदा तोंडानं सांगून बघितलं, पण बोलताना मी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहतो आणि हळूहळू त्याला पटेल तेच बोलायला लागतो. कागदाला चेहरा नसतो, म्हणून लिहितोय.

माझं नाव मिनेओ, वय बावीस. आमचं गाव जपानच्या उत्तरेला, अकिताच्या डोंगरात आहे. एके काळी वसंतातल्या अस्वलाच्या शिकारीला इथून तीस माणसं निघायची म्हणतात. मी शिकायला लागलो तेव्हा सात उरली होती आणि त्यांतला सगळ्यात तरुण एकसष्ट वर्षांचा होता.

गेंझोकाका त्यांतले एक. नात्यानं माझे कोणी नाहीत. गावाच्या टोकाला, डोंगराला पाठ लावून त्यांचं घर आहे. एकदा ते गिरणीत भुसा न्यायला आले होते. मला ओंडका उचलताना बघत उभे राहिले आणि म्हणाले, "चढ चढताना श्वास नाकानं घेतोस की तोंडानं?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "उद्या सहा वाजता कळेल."

असं माझं शिक्षण सुरू झालं. बंदुकीचा परवाना मिळायला आठ महिने लागले. वर्ग, लेखी परीक्षा, डोक्यानं ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला. पोलीस शेजाऱ्यांकडे माझा स्वभाव विचारून गेले. शेजारीण म्हणाली, तो बोलतच नाही, मग भांडणार कधी. ते उत्तर बहुधा चाललं. नोव्हेंबरात बंदूक आली आणि भिंतीला बोल्टनं ठोकलेल्या लोखंडी कपाटात गेली. काकांनी सांगितलं, रोज सकाळी रिकामी बंदूक शंभर वेळा खांद्याला लाव. भिंतीवर शाईचा ठिपका काढ, डोळे मिटून बंदूक उचल, मग डोळे उघड आणि नळी कुठं बघतेय ते बघ. पहिल्या दिवशी माझी नळी छताच्या दिव्याकडे बघत होती.

"दिव्याची शिकार करायची असेल तर ठीक आहे," काका म्हणाले.

पण बंदूक नंतर, पाय आधी, असं त्यांचं म्हणणं. पाठीवर पाण्याचे दोन डबे, वीस किलो, आणि देवळाच्या पायऱ्या. पहिल्या महिन्यात मी दोनदा ओकलो. काका एकाहत्तर वर्षांचे, ते वर बसून धुरावलेला मुळा चावत माझी वाट बघायचे.

त्याआधीच्या हिवाळ्यात काका घसरून बर्फाखाली तीन तास अडकले होते. तेव्हापासून तोकिएकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, जीव थाऱ्यावर नव्हता. येत्या एप्रिलची शिकार शेवटची, मग काकांची जागा मला, असं ठरलं होतं. एकदा काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून भाताचे मुटके हातात दिले आणि हळूच सांगितलं, त्यांना पुढं जाऊ दे, ते ऐकणार नाहीत. पण तू मागं राहा. त्यांना डोंगरावर सोडून एकटा खाली येऊ नकोस. मी हो म्हटलं. मी फार कमी वेळा कोणाला काही कबूल करतो.

२

फेब्रुवारीत हंगाम संपला, बंदुका एप्रिलच्या अस्वलाच्या शिकारीपर्यंत कपाटात गेल्या. मार्चमध्ये बर्फावर चालायचा सराव सुरू झाला.

मार्चची सकाळ चालायला चांगली. खालचा बर्फ दगडासारखा घट्ट झालेला असतो आणि वर रात्रीचा चार बोटं ताजा भुगा. त्यात पाऊल छापल्यासारखं उमटतं. आम्ही तळाला खिळे असलेले रबरी बूट घालतो. काकांच्या डाव्या बुटाला अकरा खिळे होते. उजव्याच्या टाचेचा एक पडलेला, म्हणून दहा. हे मला पाठ होतं, कारण सरावच तो होता.

काका सहाला निघायचे. मी त्यांच्या शेडमध्ये बूट चढवून वीस मिनिटांनी. माझ्या हातात शिसं भरलेलं लाकूड असायचं, बंदुकीच्या वजनाचं. घरामागून देवदाराच्या लागवडीतून, ओढ्यावरच्या फळीवरून, मग बीच नावाच्या पानझडी झाडांतला उभा चढ आणि वर खिंड. खिंडीत एक सपाट दगड आहे. त्यावर काका चहा घेऊन बसलेले असायचे. त्यांना पन्नास मिनिटं लागायची, मला सुरुवातीला दीड तास. मी त्यांच्याच पावलात पाऊल टाकत जायचं. पुढच्यानं बर्फ दाबलेला असतो, त्यानं निम्मी ताकद वाचते. उतरताना दुसऱ्या वाटेनं, दोघं बरोबर.

त्या दगडावर बसून काकांनी मला अस्वलाची माघार सांगितली. माणूस मागावर आहे हे कळलं की म्हातारं अस्वल थांबतं आणि आपल्याच पावलांत पाऊल टाकत उलटं मागं चालत येतं. मग एका जागी बाजूच्या ठेंगण्या बांबूत उडी मारतं आणि बसून राहतं. शिकारी माग काढत पुढं जातो, तर पावलं एकदम संपलेली.

"माग संपला की मूर्ख माणूस पुढं बघतो," काका म्हणाले. "तू मागं बघायचं. ते तुझ्या मागं असतं."

ओळखायचं कसं तेही त्यांनी दाखवलं. दोनदा पडलेल्या पावलाची कड दुहेरी असते. उलटं चालणारा टाच ओढतो, त्यामुळं टाचेमागं भुग्याचा बारीक बांध साचतो.

३

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातला सोमवार. रोजच्यासारखा चढत होतो. खिंड दिसायला लागली, शेवटची चाळीस पावलं उरली, आणि पुढच्या पावलात पाय ठेवता ठेवता मी थांबलो.

त्या पावलाची कड दुहेरी होती.

मी वाकून बघितलं. उजवा बूट. दहाच्या जागी वीस भोकं, प्रत्येक भोकाशेजारी केसभर अंतरावर दुसरं. टाचेमागं भुग्याचा बांध. वरचं पाऊल तसंच. त्याच्या वरचं तसंच. खिंडीपर्यंत सगळी. मी बाजूनं वर गेलो.

काका दगडावर बसले होते. मी विचारलं, मध्येच परत फिरला होता का. ते म्हणाले, परत कशाला, तुझ्यासाठी चहा घेऊन? सरळ आलो.

मी शेजारी बसून मनात हिशोब केला. समजा काका वर पोचले, मला घाबरवायला चाळीस पावलं उलटे खाली गेले. ठीक. पण मग दगडावर यायला त्यांना पुन्हा वर यावं लागेल. म्हणजे प्रत्येक पावलावर तीन फेऱ्या, तीस भोकं. मी उतरण्याआधी लघवीचं निमित्त करून पुन्हा जाऊन मोजली. वीसच होती. मी शाळा लवकर सोडली, पण तीसपर्यंत मला मोजता येतं.

आणि जिथं दुहेरी पावलं संपत होती तिथं बाजूला उडीची काही खूण नव्हती. बांबूवरचा बर्फ जसाच्या तसा होता. कोणीतरी चाळीस पावलं खाली आलं आणि तिथून कुठंच गेलं नाही.

४

मंगळवारी काही नव्हतं. मला बरं वाटलं. बुधवारी दुहेरी पावलं फुटक्या बुंध्याच्या बीचच्या झाडापर्यंत खाली आली होती, म्हणजे चढाच्या निम्म्यावर. शुक्रवारी ओढ्यापर्यंत.

मी आता त्यांत पाय ठेवत नव्हतो, बाजूनं चालायचो. त्यामुळं दम लागायचा आणि उशीर व्हायचा, काका चिडवायचे. म्हणायचे, तुझ्या आधी अस्वलं झोपून उठतील, पिल्लं घालतील, त्यांची लग्नं होतील. मी हसायचो. मनात म्हणायचो, ही परीक्षा आहे. माझ्या नजरेची परीक्षा घेतायत, आणि मी ओळखलं की सांगतील, शाबास. रात्रीतून येऊन करत असतील. पण ताजा भुगा पहाटेपर्यंत पडत होता.

शनिवारी पावलं ओढा ओलांडून देवदारांत आली होती. तिथून काकांच्या घराचं छप्पर दिसतं. त्या दिवशी मी वर पोचल्यावर सांगून टाकलं.

काका हसले नाहीत. माझ्याबरोबर चाळीस-पन्नास पावलं खाली आले आणि गुडघ्यावर बसले. त्यांना गुडघ्यावर बसलेलं मी तोवर बघितलं नव्हतं, त्यांचा गुडघा दुखायचा. हातमोजा काढून त्यांनी खिळ्यांच्या भोकांत करंगळी घातली. एकेका भोकात. बराच वेळ.

"ही माझीच आहेत," ते म्हणाले.

मग विचारलं, तू कोणाला बोललास का. मी नाही म्हटलं. ते उठले, गुडघे झटकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम शिकारीच्या दिवसाचा रंग आला. मला तो रंग बघून बरं वाटलं, हे कबूल करतो. भीतीपेक्षा तो बरा होता.

५

शिकारी माणसाला एकच उपाय माहीत असतो. काकांनी हाकारा ठरवला. दोन माणसांचा.

हाकाऱ्यात एक खालून आवाज करत चढतो आणि दुसरा वर दबा धरून बसतो. बसायची ती जागा म्हणजे ठिय्या. जे काही मध्ये असेल ते वर सरकतं आणि ठिय्यावरच्या माणसासमोर येतं. काका म्हणाले, रोज काहीतरी माझ्यानंतर खाली उतरतंय. उद्या मी नेहमीसारखा जाईन आणि खिंडीत बसेन. तू वीस मिनिटांनी निघ, ओरडत ये. आपल्या मध्ये काय आहे ते बघू.

मी विचारलं, बंदूक नाही, मग बघून काय करायचं.

"आधी बघू तरी," ते म्हणाले.

शिकाऱ्यांच्या मंडळाच्या दोन वॉकीटॉकी होत्या. काकांनी त्या आणल्या, एक मला दिली. आणि ठिय्याचा नियम मला पुन्हा म्हणायला लावला. ठिय्यावरच्या माणसानं हलायचं नाही. खोकायचं नाही. थंडीनं बोटं गेली तरी उठायचं नाही. खालून हाकारा करणारा जोवर "संपलं" म्हणत नाही तोवर ती जागा सोडायची नाही, कारण हललेल्या माणसाला अस्वल समजून गोळी घातल्याचं आमच्या गावातही झालेलं आहे. आणि हाकारा करणाऱ्याचा नियम असा, की ठिय्यावर बसलेल्याला उठवल्याशिवाय खाली यायचं नाही. यापेक्षा मोठं पाप आमच्यात नाही.

६

रविवारी सहाला काका निघाले. काकूंनी दारातून बघितलं, मीही शेडमधून बघितलं. त्यांची पाठ देवदारांत शिरली. मी वीस मिनिटं मोजली, बूट घातले आणि बाहेर आलो.

मागच्या दारापासूनच पावलं दुहेरी होती.

उंबऱ्याबाहेरचं पहिलंच पाऊल. उजवा बूट, वीस भोकं, टाचेमागं बांध. मी बंद दाराकडे बघितलं. आत भांड्यांचा आवाज होता. काकू काहीतरी बोलत होत्या. एकट्याच बोलत असतील, त्यांना सवय आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

मी तेव्हाच दार उघडायला हवं होतं. पण ठरलं होतं वर जायचं, आणि मी ठरल्याप्रमाणं वागणारा माणूस आहे. मी ओरडत निघालो. हो, हो, हो, असं ओरडतात. देवदारांत माझाच आवाज परत यायचा. फळीवर दुहेरी पावलं. फुटक्या बीचपाशी दुहेरी. मध्ये कुठं काही हललं नाही. एक खार नाही, एक पक्षी नाही.

खिंडीत दगड रिकामा होता.

पावलं दगडाच्या दहा हात अलीकडे संपत होती. पुढं सपाट, कोरा बर्फ. पुढं बघायचं नाही हे मला शिकवलेलं होतं, म्हणून मी मागं बघितलं. मागं माझी पावलं आणि ती पावलं. मी वॉकीटॉकीवर हाक मारली. नुसती खरखर. तोंडानं मारली. मग मी पळत खाली आलो. तीनदा पडलो.

"संपलं" मी म्हटलं नव्हतं. म्हणणार कोणाला?

७

काका घरात बसले होते.

खाली शेगडी असलेल्या बसक्या टेबलाच्या रजईत पाय घालून ते संत्रं सोलत होते. काकू शेजारी. टेबलावर दोन रिकामे भाताचे वाडगे होते. काका माझ्याकडे बघून इतक्या मायेनं हसले, की मला रडू येईल असं वाटलं.

म्हणाले, गुडघा कुरकुरला, अर्ध्यातून फिरलो. तुला उलटी पावलं दाखवायचीच होती, तशीच चालत आलो. तू शेडमध्ये बूट बांधत होतास. वॉकीटॉकी कुठंतरी बर्फात पडली बघ.

काकूंचा चेहरा उजळला होता. त्यांनी सांगितलं की काका गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला तयार झालेत. शिकार बंद. एप्रिलची पण नाही. कितीतरी वर्षांत त्यांनी सकाळी दुसरा वाडगा भात मागितला नव्हता.

मी संत्र्याची फोड हातात घेऊन बसलो. मी बाहेर आलो तेव्हा त्यांना निघून वीसच मिनिटं झाली होती. वर जायला पन्नास लागतात, आणि पावलं वरपर्यंत दुहेरी होती. मी ते बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात माझ्या कोटाच्या खिशात खरखर झाली.

"मिने." हळू, ओठ न हलवता बोलल्यासारखा आवाज. ठिय्यावर तसंच बोलतात. "तुझा आवाज थांबला. संपलं का? उठू का मी?"

काकूंनी किटली उचलली आणि माझ्या भरलेल्याच पेल्यात चहा ओतला. चहा टेबलावर आला, तरी त्या ओतत राहिल्या.

समोर बसलेल्या काकांनी हात पुढं केला. मी वॉकीटॉकी दिली. त्यांनी गोल बटण टक् वाजेपर्यंत फिरवलं आणि माझ्या हातात परत दिली.

"बॅटरी वाया जाते," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुझी पावलं आता हलकी पडतात, मिने. मी आज ऐकली."

निघताना काकू दारापर्यंत आल्या. मी कुजबुजत म्हटलं, काकू, ते वर बसलेत, मी त्यांना उठवलं नाही. त्यांनी माझ्या कोटाची वरची गुंडी लावली, लहान मुलाची लावतात तशी.

"चव्वेचाळीस वर्षं मी या दारात बसून वाट बघितली," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा ते वेळेवर घरी आले. जो आला तो माझा. तू मला काही विचारू नकोस."

त्यांच्या खांद्यावरून आतलं सरकतं दार वीतभर उघडं दिसत होतं. काका संत्र्याची सालं टाकायला उठले होते. टेबलापासून मोरीपर्यंत गेले, सालं टाकली आणि परत आले. परत येताना वळले नाहीत. तोंड मोरीकडेच होतं. चटईवर एकेक टाच शांतपणे मागं टाकत, कुठं न अडखळता, न चाचपडता, ज्या जागी पाय पडले होते त्याच जागी पाय ठेवत ते येऊन टेबलाशी बसले.

मग काकूंनी दार लावून घेतलं.

८

दुपारी मी सोएदाबाबांकडे गेलो. ते मंडळाचे प्रमुख, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. हेच ते एकदा तोंडानं सांगणं. त्यांनी सगळं नीट ऐकलं, मग फोन उचलून काकांना लावला. काका फोनवर आले. दोघं पाचेक मिनिटं हसत बोलले.

फोन ठेवून बाबांनी मला समजावलं की हे नव्या पोराबरोबर करतातच. त्यांना स्वतःला पहिल्या वर्षी अस्वलाच्या विष्ठेचा वास घ्यायला लावून ती कोणाची ते सांगायला लावलं होतं, आणि ती शेजाऱ्याच्या कुत्र्याची निघाली. मी म्हटलं, पण आवाज? ते म्हणाले, महामार्गावर ट्रकवाले बोलतात, रेडिओच्या लहरी मिसळतात. मी म्हटलं, माझं नाव घेतलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"बाळ, हे दुसरीकडे बोलू नकोस," ते म्हणाले. "ज्याला आवाज ऐकू येतात त्याच्या घरात बंदूक ठेवत नाहीत. मला पोलिसांना कळवावं लागेल."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मी म्हटलं, हो, ट्रकवालेच असतील.

घरी येऊन मी वॉकीटॉकी चालू केली. पोलिसांना काय सांगणार? माणूस हरवलाय. कोण? गेंझोकाका. आणि ते विचारणार, घरी बघितलंत का.

पाचच्या सुमारास आवाज आला. "मिने. अंधारायला लागलं. संपलं का?"

मी बटण दाबून म्हटलं, संपलं, काका. या खाली. संपलं.

थोडी खरखर. "मिने, तू बोलत नाहीयेस. मी आहे जागेवर."

मी पुन्हा म्हटलं. ओरडून म्हटलं. आई जिन्याखालून विचारायला लागली, कोणाशी बोलतोयस. त्यांना माझं ऐकूच जात नव्हतं. एक तास मी "संपलं" म्हणत होतो आणि ते दर थोड्या वेळानं नम्रपणे विचारत होते. इतक्या नम्रपणे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मग बर्फ पडायला लागला.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघाभर नवा बर्फ होता. उजाडता उजाडता मी फावडं, चहाचा थर्मास आणि दोन मुटके घेऊन निघालो. पाऊलखूण कुठंच नव्हती, सगळी वाट मलाच फोडावी लागली. खिंडीत पोचायला दोन तास लागले.

वॉकीटॉकी खिशात चालू होती.

"पावलं ऐकू येतायत," आवाज म्हणाला. "मिने, तूच ना?"

मी तोंडानं ओरडलो, संपलं, काका, उठा. त्यांना ते ऐकू गेलं नाही. पण पावलं ऐकू जात होती. मी दगडाच्या डावीकडे गेलो, ते म्हणाले, लांब गेलास. परत आलो. म्हणाले, आता जवळ आहेस. मी जिथं उभा होतो तिथंच खणायला लागलो. कमरेएवढं खणलं. छातीएवढं खणलं. खाली मागच्या शरदातली बीचची पानं लागली, तपकिरी, एकावर एक चिकटलेली, मग माती. मी शेजारी दुसरा खड्डा घेतला. आवाज म्हणाला, "आता अगदी जवळ." तिथंही पानं.

तिसऱ्या खड्ड्यात असताना खालून माणसं आली. काकूंनी मला घरावरून जाताना बघितलं होतं. सोएदाबाबा आणि मंडळातले तिघं, एका रांगेत. सगळ्यात पुढं गेंझोकाका होते आणि बाकीचे त्यांच्या पावलांत पाऊल टाकत होते.

कोणी मला रागावलं नाही. रागावले असते तर कदाचित मी भांडलो असतो. बाबांनी फावडं हळूच माझ्या हातातून घेतलं. एकानं थर्मास उघडून माझाच चहा मला पाजला. गेंझोकाकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हात गरम होता.

"चल रे," ते म्हणाले. "मोजे भिजलेत तुझे. आजारी पडशील."

ते खड्ड्यांकडे एकदाही बघत नव्हते.

मला रांगेत मध्ये घेतलं, पुढं दोघं, मागं तिघं. आम्ही उतरायला लागलो. दहा-बारा पावलं गेलो असू, तेव्हा कोटाच्या आतून आवाज आला, बारीक. फक्त मला ऐकू आला असेल, किंवा सगळ्यांना आला असेल. कोणी मान वळवली नाही.

"मिने, आज थंडी फार आहे. संपलं म्हण, म्हणजे उठतो."

मी ऊब घेतल्यासारखा हात कोटात घातला आणि गोल बटण टक् वाजेपर्यंत फिरवलं. मग पुढच्या माणसाच्या पावलात पाऊल ठेवलं आणि खाली आलो.